‘पित्ताचं डोकं’ नव्हे, ही अर्धशिशी!

आपल्याकडे बायकांच्या डोकेदुखीला आजार समजण्याची पद्धत नाही. ताप आला तर थर्मामीटर लागतो, हाड मोडले तर एक्स-रे निघतो. पण डोके दुखते आहे हे फक्त जिचे दुखते तिलाच ठाऊक. पाहणाऱ्याला ना सूज दिसते, ना जखम. मग ‘हिचं नेहमीचंच आहे’, ‘पाहुणे येणार म्हटलं की हिचं डोकं उठतं’ ही वाक्ये घरोघरी ऐकू येतात. आणि ती बाई कपाळाला फडके करकचून बांधते, बाम चोळते, एक गोळी घशाखाली ढकलते आणि पुन्हा कणीक मळायला बसते.

माझ्या दवाखान्यात केवळ डोकेदुखी दाखवायला आलेली बाई क्वचितच दिसते. ती येते मुलाचा खोकला दाखवायला किंवा सासूबाईंचे ब्लडप्रेशर तपासायला. मग उठता उठता दाराशी थांबून सांगते, “डॉक्टर, एखादी चांगली पित्ताची गोळी लिहून द्या ना. महिन्यातून चार-पाचदा पित्त उठतं, डोकं फुटायची वेळ येते. उलटी झाली की उतरतं.” हे वाक्य मी शहरातल्या शिक्षिकेकडून ऐकले आहे आणि कांदा लावणीवर जाणाऱ्या बाईकडूनही. आज या एकाच वाक्याविषयी लिहायचे आहे. माझे स्पष्ट मत असे, की ज्याला आपण ‘पित्ताचं डोकं’ म्हणतो, ते बरेचदा पित्ताचे नसतेच. ती अर्धशिशी असते, म्हणजेच मायग्रेन. दुखण्याला चुकीचे नाव मिळाले की उपचारही चुकीचा होतो, आणि त्याची किंमत ती बाई वर्षानुवर्षे मोजत राहते.

पित्त बिचारे निर्दोष

अर्धशिशी हा मेंदूचा आणि मज्जातंतूंचा आजार आहे. पुष्कळदा तो घराण्यात चालत येतो; आजीला, आईला, मावशीला असतो. अशा व्यक्तीचा मेंदू जन्मतःच जरा जास्त संवेदनशील असतो. ऊन, भूक, जागरण, पाळी असे काही निमित्त झाले की चेहऱ्याच्या व मेंदूच्या आवरणांच्या संवेदना वाहून नेणारी मज्जातंतू चेतवली जाते. तिच्या टोकांतून ‘सीजीआरपी’ नावाचे द्रव्य बाहेर पडते, आवरणातल्या रक्तवाहिन्या फुगतात आणि ठणका सुरू होतो. हे काम उलगडणाऱ्या चार शास्त्रज्ञांना २०२१ साली डेन्मार्कचा ‘ब्रेन प्राइझ’ हा मोठा पुरस्कार मिळाला. ज्या दुखण्याला घरात ‘नाटक’ म्हणतात, त्याच्यावर जगात असे संशोधन चालू आहे!

मग उलटीचे काय? झटका आला की मेंदूच्या हुकमाने पोटाचे काम मंदावते. म्हणून मळमळते, अन्न पुढे सरकत नाही, शेवटी उलटी होते. पोट रिकामे असेल तर पिवळे, कडू पाणी पडते आणि आपण म्हणतो, पित्त पडले. म्हणजे उलटी हे डोकेदुखीचे कारण नसून तिचाच एक भाग आहे. कारण आणि परिणाम यांची अशी अदलाबदल झाली की बाई वर्षभर आम्लपित्ताच्या गोळ्या खाते, आंबट-तिखट सोडते, आणि डोके आपले ठरल्या वेळी दुखतच राहते.

अशीच फसगत दुसऱ्या नावांनीही होते. ‘सर्दी मुरली आहे’, ‘सायनस आहे’ म्हणून वाफारे घेणाऱ्या अनेकींना प्रत्यक्षात अर्धशिशीच असते, कारण झटक्यात नाक चोंदू शकते आणि डोळ्यांतून पाणीही येऊ शकते. चष्म्याचा नंबर बदलून ही डोकेदुखी जात नाही. थोड्याशा वाढलेल्या ब्लडप्रेशरनेही सहसा असे डोके दुखत नाही.

ओळखायची कशी?

नावात ‘अर्ध’ असले तरी दर वेळी अर्धेच डोके दुखेल असे नाही. चरक आणि सुश्रुत यांच्या संहितांत ‘अर्धावभेदक’ या नावाने हिचे वर्णन आहे, इतकी ही जुनी आहे. पण काही जणींचे पूर्ण डोके दुखते, काहींचे मानेपासून सुरू होते. ठसठस करणारे, नाडीबरोबर उडणारे दुखणे, जिना चढले किंवा खाली वाकले की वाढणारे; सोबत मळमळ; उजेड आणि आवाज नकोसा होणे; काहीच उपाय न केल्यास ४ तासांपासून ७२ तासांपर्यंत टिकणे, ही तिची लक्षणे.

घरी बसून स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. गेल्या तीन महिन्यांत डोके दुखताना मळमळले का? उजेडाचा त्रास झाला का? एखाद्या दिवशी तरी त्यापायी हातातले काम सोडावे लागले का? तीनपैकी दोन उत्तरे ‘हो’ असतील तर अर्धशिशीची शक्यता बरीच आहे असे समजून डॉक्टरांना दाखवावे.

तिघी-चौघींत एखादीला डोके दुखण्याआधी पूर्वसूचना मिळते. डोळ्यांपुढे लखलखत्या नागमोडी रेषा येतात, नजरेचा एक तुकडा काही वेळ नाहीसा होतो, कधी हाताला मुंग्या येऊन त्या हळूहळू ओठापर्यंत चढतात. साधारण ५ मिनिटांपासून तासाभरात हे ओसरते. पहिल्यांदा असे झाले तर मात्र डॉक्टरांना दाखवावेच.

लक्षणे अशी ठळक असतील, तपासणीत काही वावगे नसेल, तर सीटी स्कॅन किंवा एमआरआय करण्याची बहुधा गरज नसते. ‘एकदा मेंदूचा फोटो काढून टाका’ हा आग्रह मी समजू शकतो. पण अर्धशिशी फोटोत दिसत नाही. फोटो निर्दोष आला की घरचे म्हणतात, ‘बघा, काहीच नाही’, आणि बाई पुन्हा खोटी ठरते. तिचा आजार तिच्या बोलण्यात असतो, तो ऐकून घ्यावा लागतो.

बायकांनाच जास्त का?

लहानपणी मुलगे आणि मुली यांच्यात या आजाराचे प्रमाण जवळपास सारखे असते. मुलगी वयात आली की चित्र बदलते, आणि पुढे पुरुषांच्या तुलनेत स्त्रियांत ते सुमारे तिप्पट होते. जगात साधारण सातांत एकाला अर्धशिशी आहे. आपल्या शेजारच्या कर्नाटकात बंगळूरच्या ‘निम्हान्स’ संस्थेच्या तज्ज्ञांनी घरोघरी जाऊन पाहणी केली, तेव्हा प्रमाण २५ टक्के निघाले. स्त्रियांत अधिक, आणि शहरापेक्षा खेड्यात अधिक! हा शहरी, नाजूक बायकांचा आजार आहे, हा समज यावरून तरी दूर व्हावा. १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांना कामापासून आणि जगण्यापासून दूर ठेवणाऱ्या आजारांत अर्धशिशीचा क्रमांक जगात पहिला आहे, असे २०१९ सालच्या जागतिक आकडेवारीत दिसून आले.

यामागचे मोठे कारण इस्ट्रोजेन या संप्रेरकाची चढउतार हे आहे. पाळीच्या आधी ते झपाट्याने उतरते. म्हणून पाळीच्या दोन दिवस आधीपासून तिसऱ्या दिवसापर्यंत अनेकींना हमखास झटका येतो, आणि तो जास्त चिवट असतो. गरोदरपणात चौथ्या महिन्यापासून बऱ्याच जणींना आराम पडतो, बाळंतपणानंतर दुखणे परत येते. पाळी जाण्याच्या सुमारास काही वर्षे ते उसळते आणि पाळी पूर्ण बंद झाल्यावर पुष्कळदा शमते. हा सारा आलेख शरीराचा आहे, स्वभावाचा नाही.

इथे एक गोष्ट मी मुद्दाम ठळकपणे सांगतो. डोळ्यांपुढे नागमोडी रेषा येण्याची पूर्वसूचना जिला मिळते, तिने ‘माला-एन’सारख्या संततिप्रतिबंधक गोळ्या घेऊ नयेत. या गोळ्यांत इस्ट्रोजेन असते, आणि अशा स्त्रियांत त्यामुळे पक्षाघाताचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेने अशा स्त्रियांना ही गोळी सरळ वर्ज्य ठरवली आहे. त्यांच्यासाठी तांबी हा चांगला पर्याय आहे. ३५ वर्षांनंतर पूर्वसूचना नसलेल्या अर्धशिशीतही या गोळ्या शक्यतो टाळाव्यात. गोळीचे पाकीट हातात देण्यापूर्वी ‘तुमचं डोकं दुखतं का, डोळ्यांपुढे काही चमकतं का’ हे दोन प्रश्न डॉक्टर, परिचारिका आणि आशाताई या सर्वांनीच विचारले पाहिजेत. दोन प्रश्नांना अर्धा मिनिटही लागत नाही.

उपास, ऊन आणि मोडलेली झोप

अर्धशिशीच्या मेंदूला शिस्त आवडते. जेवण वेळेवर, झोप वेळेवर, चहा वेळेवर. आणि आपल्या घरातल्या बाईच्या वाट्याला नेमके हेच येत नाही. ती सर्वांत आधी उठते, सर्वांत शेवटी जेवते. सकाळचा चहा घेऊन दुपारी दोनपर्यंत पोटात काही नसते. त्यात संकष्टी आली की जेवण चंद्रोदयानंतर, म्हणजे रात्री नऊ-साडेनऊला. हरितालिकेला पाणीही नाही. चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी डोके धरून येणाऱ्या बायका मला नेहमी भेटतात.

उपास करू नका असे मी सांगणार नाही. तो ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग आहे. पण निर्जळी उपास अर्धशिशीच्या रुग्णाने टाळावा. दर तीन-चार तासांनी फळ, दूध, ताक घ्यावे, पाणी भरपूर प्यावे. उपासाला चालणारे पदार्थ वेळेवर खाल्ले तर व्रत मोडत नाही आणि डोकेही उठत नाही. रोजच्या दिवशीही आधी स्वतः दोन घास खाऊन मग डबे भरावेत. यात स्वार्थीपणा काही नाही.

उन्हात जाताना डोक्यावर पदर, टोपी किंवा छत्री असावी. लग्नसराईतले जागरण, बँड आणि डीजेचा दणदणाट, उग्र अत्तर, उदबत्तीचा धूर, फोडणीचा खमंग धूरही काहींना पुरेसा असतो. प्रत्येकीचे निमित्त वेगळे. म्हणून भिंतीवरच्या ज्या कॅलेंडरवर आपण दुधाचे खाडे मांडता, त्यावरच डोके दुखले त्या तारखेला फुली मारा, गोळी घेतली तर गोल करा, पाळी आली ती तारीख लिहा. तीन महिन्यांचे हे पान डॉक्टरांना दाखवा. कोणत्याही महागड्या तपासणीपेक्षा ते जास्त सांगून जाते.

सूर्योदयापूर्वी दूध-जिलेबी खाणे, कपाळावर सुंठ उगाळून लावणे हे घरगुती उपाय कोणी केले तर नुकसान नाही (मधुमेह नसावा!). पण नाकात कसलासा रस पिळणारे, कपाळावर डाग देणारे यांच्या वाटेला जाऊ नये.

गोळी केव्हा आणि किती?

बहुतेक जणी गोळी उशिरा घेतात. ‘थांबेल आपोआप’ म्हणत दुपार काढतात आणि डोके पूर्ण चढल्यावर गोळी घेतात. पण तोवर पोटाचे काम मंदावलेले असते. गोळी पोटातच पडून राहते किंवा उलटीत जाते. म्हणून दुखणे सुरू होताच, पूर्ण मात्रेत औषध घ्यावे. साधारण वजनाच्या प्रौढ स्त्रीला पॅरासिटामॉलच्या ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या एका वेळी चालतात. यकृताचा आजार असेल किंवा वजन फार कमी असेल तर डॉक्टरांना विचारावे. त्याने भागत नसेल तर नॅप्रोक्सेन किंवा आयबुप्रोफेन खाल्ल्यावर घ्यावे. अल्सर, मूत्रपिंडाचा विकार किंवा दमा असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी ती स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. मळमळ जास्त असेल तर सोबत उलटीविरोधी गोळी डॉक्टर देतात. मग अंधाऱ्या, शांत खोलीत पडावे.

एवढ्यानेही न थांबणाऱ्या झटक्यांसाठी सुमाट्रिप्टान हे खास अर्धशिशीचे औषध १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपासून वापरात आहे. हृदयविकार किंवा पक्षाघात झालेल्यांना ते चालत नाही, म्हणून चिठ्ठीशिवाय घेऊ नये. अर्गोटामिन असलेल्या जुन्या गोळ्या आजही बाजारात आहेत. गरोदरपणात त्या कटाक्षाने वर्ज्य. गरोदर स्त्रीसाठी पॅरासिटामॉल हेच पहिले औषध, तेही मोजून.

आता दुसरी बाजू. किराणा दुकानात, पानाच्या टपरीवर सुटी मिळणारी डोकेदुखीची गोळी अनेकींच्या बटव्यात कायमची असते. यातल्या बऱ्याच गोळ्यांत वेदनाशामक आणि कॅफीन एकत्र असते. अशा मिश्र गोळ्या, सुमाट्रिप्टान किंवा अर्गोटामिन महिन्यातून १० दिवस किंवा जास्त, आणि साधे वेदनाशामक १५ दिवस किंवा जास्त, असे तीन महिन्यांहून अधिक काळ चालले, की गोळीच डोकेदुखी निर्माण करू लागते. मग सकाळी डोळे उघडतानाच डोके जड असते, गोळी घेतली की तेवढ्यापुरते उतरते, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चार-पाच दिवसांचे दुखणे पंचवीस दिवसांचे होते. शिवाय काही वेदनाशामकांनी पोटात जखमा होतात आणि मूत्रपिंडांवर ताण पडतो. या चक्रातून बाहेर पडता येते. डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी थांबवली की पहिले आठ-दहा दिवस डोके जास्तच दुखते, हे आधीच सांगून ठेवतो. पण तेवढा काळ निभावला की बहुतेकींचे दुखणे उतरणीला लागते.

रोजचे औषध कोणाला?

महिन्यातून चार किंवा अधिक दिवस दुखत असेल, किंवा झटके कमी पण आडवे पाडणारे असतील, तर झटका येऊच नये यासाठी काही महिने रोज औषध घ्यावे लागते. प्रोप्रानोलॉल, अमिट्रिप्टिलिन, फ्लुनारिझिन ही जुनी, परवडणारी औषधे आहेत. पहिले दम्याच्या रुग्णाला चालत नाही, दुसऱ्या दोहोंनी झोप येते आणि वजन वाढू शकते. अमिट्रिप्टिलिन नैराश्यावरचेही औषध आहे, म्हणून माहितीपत्रक वाचून घाबरू नये. इथे त्याची मात्रा अगदी थोडी असते. मूल होण्याच्या वयात व्हॅल्प्रोएट देऊ नये आणि टोपिरामेट शक्यतो टाळावे, कारण गर्भाला इजा होते. या औषधांचा गुण पडायला सहा ते आठ आठवडे लागतात. पंधरा दिवसांत ‘फरक नाही’ म्हणून औषध सोडणाऱ्या बायका पाहिल्या की वाईट वाटते. पाळी नियमित असेल आणि त्याच वेळी दुखत असेल, तर फक्त त्या पाच-सहा दिवसांपुरता उपायही डॉक्टर करू शकतात.

सीजीआरपी या द्रव्याला रोखणारी इंजेक्शने २०१८पासून जगात आली. ती गुणकारी आहेत, पण त्यांचा खर्च सामान्य घराला झेपणारा नाही. म्हणून नाउमेद होण्याचे कारण नाही. स्वस्त औषधे नीट, पूर्ण मुदत घेतली तरी बहुसंख्य जणींचे झटके पुष्कळ कमी होतात. अर्धशिशी मुळापासून जाईल असे वचन कोणी देत असेल तर विश्वास ठेवू नका. पण ती आटोक्यात येते, हे नक्की.

इथे थांबू नका

काही डोकेदुखी अर्धशिशीची नसते आणि तिथे एक तासही मोलाचा असतो. अचानक, क्षणात टिपेला गेलेली, आयुष्यात कधी न अनुभवलेली डोकेदुखी. सोबत ताप आणि ताठलेली मान. हातपाय लुळे पडणे, बोलणे अडखळणे, फिट येणे. डोक्याला मार लागल्यानंतरची डोकेदुखी. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली. दिवसेंदिवस वाढत जाणारी. आणि गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत नव्याने उद्भवलेली डोकेदुखी, यांपैकी काहीही दिसले तर तडक रुग्णालय गाठावे. बाळंतिणीचे डोके ‘वाऱ्याने’ दुखते म्हणून कान बांधून तिला खोलीत ठेवणे जिवावर बेतू शकते. ब्लडप्रेशर वाढणे किंवा मेंदूच्या शिरेत रक्ताची गाठ होणे ही कारणे असू शकतात.

घरच्यांना दोन शब्द

शेवटी हा लेख वाचणाऱ्या पुरुष मंडळींना आणि सासूबाईंना विनंती. झटका आलेल्या बाईला तुमच्याकडून औषधापेक्षा आधी दोन गोष्टी हव्या असतात: बंद टीव्ही आणि विश्वास. त्या दिवशीची भाजी-भाकरी दुसऱ्या कोणी केली तर घर कोसळत नाही. मुलीचे डोके दुखू लागले तर ‘अभ्यास टाळते’ म्हणण्याआधी तिच्या आईचे आणि आजीचे डोके दुखते का, ते आठवून पाहा.

आणि माझ्या माता-भगिनींना सांगणे एवढेच, की पुढच्या वेळी दवाखान्यात गेलात तर मुलाचा खोकला दाखवून झाल्यावर उठू नका. खुर्चीत बसूनच सांगा, ‘डॉक्टर, आता माझं डोकं. मला त्याची वेगळी तपासणी हवी आहे.’ कॅलेंडरचे ते पान सोबत न्या. पित्ताची गोळी मागू नका.